डब्यातली पाचवी जागा

रॉटरडॅम, ४ ऑक्टोबर २०१८

प्रिय बास,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायला तू तयार नाहीस, तेव्हा बहिणीचं हे पत्र. माझी सायकल चोरीला गेली. दिव्याच्या खांबाला दोन साखळ्यांनी बांधली होती. एक साखळी तेवढी ठेवून गेले, दया आली असेल.

रस्त्यावर कशाला ठेवलीस, असं तू विचारशील. इतकी वर्षं ती वर जिन्यात टांगलेली असायची, पण टांगायचा आरी. चौतीस पायऱ्या, शिडीसारख्या उभ्या, आणि माझा नवरा ती खांद्यावर टाकून शीळ घालत चढायचा. आता तो पुलापलीकडच्या शुश्रूषागृहात आहे आणि माझ्या खुब्यात उन्हाळ्यापासून धातूचा सांधा आहे. सायकलवर बसले की मला काही दुखत नाही. चालताना आणि चढताना दुखतं. डॉक्टरही म्हणतात, सायकल चालवा. सायकल कुठे ठेवा, ते मात्र सांगत नाहीत.

आरीकडे सायकलवरून वीस मिनिटं लागत. ट्रामने एकदा बदलून आणि पुढे पाय ओढत सव्वा तास जातो, म्हणून रोजचं जाणं आठवड्यातून तीनदा झालं आहे. आरी चार वाजता खिडकीत येऊन उभा राहतो. मी कोण हे त्याला रोज आठवतंच असं नाही, पण चारला कोणीतरी सायकलवरून येतं आणि मग चहा होतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं आहे. मी गेले नाही की तो खिडकीतून हलत नाही आणि रात्री जेवत नाही, असं तिथल्या नर्सने सांगितलं. तिने तक्रार म्हणून नाही सांगितलं, म्हणूनच जास्त लागलं.

नवी सायकल घेता येईल, पण ठेवायची सोय झाल्याशिवाय घेणं म्हणजे चोराला घरपोच पाठवणं. दारासमोर सायकलींचा डबा आहे, तू पाहिला आहेस, हिरवा, अर्धगोल झाकणाचा. पाच घरांच्या पाच सायकली आत कुलपात. एका मोटारीच्या जागेत पाच सायकली मावतात, तरी आणखी एक डबा मागितला की गल्लीतले मोटारवाले असे खवळतात की जणू मी त्यांची मूत्रपिंडं मागितली.

आणि खरा संताप पुढेच आहे. डब्यातली पाचवी सायकल हलत नाही. करड्या ताडपत्रीखाली झाकलेली, दोन्ही चाकांत हवा नाही, वर बोटभर धूळ. समोरची बाई आपली सायकल काढायला झाकण उचलते तेव्हा मी बघते. वर्षानुवर्षं राणीसाहेब तिथे झोपल्या आहेत आणि मी खांबाला साखळ्या बांधतेय. मी डबा चालवणाऱ्या कंपनीकडे जागेसाठी अर्ज केला आहे.

तुझी नेल

---

झीरिकझे, १५ ऑक्टोबर २०१८

नेल,

पत्र मिळालं. शहरात राहण्याची हौस तुझीच होती. इथे शेडमध्ये चाळीस सायकली मावतात आणि सध्या एक कुत्रा मावतो.

सायकलचं दुकान बंद केलं तरी हत्यारं ठेवली आहेत. सायकल हवी तर चांगली जुळवून देईन. पण तुझं बरोबर आहे, आधी जागा बघ.

राहिलं रोज जाण्याचं. तीन दिवस पुष्कळ झाले, नेल. तुझ्या नवऱ्यासाठी तू किती झिजायचं याला काही हिशेब आहे की नाही? त्याने तुझ्यासाठी काय केलं, ते तू कधी विचारलंस का? मी बोलत नाही. गुडघ्यांनी छळलंय, पाऊसही आहे.

बास

---

रॉटरडॅम, १२ नोव्हेंबर २०१८

प्रिय बास,

‘तुझा नवरा’ याला नाव आहे. आरी. तू ते अडीच वर्षांत एकदाही लिहिलेलं नाहीस, आणि तो तिथे गेल्यापासून एकदाही त्याला भेटायला आलेला नाहीस. दोघं एका बाकावर बसून पंक्चरांवर तासन्‌तास बोलायचात. माझ्या सत्तरीला आलास, आरीने मला छत्री दिली, आणि तू तोंड वाकडं करून केकचा दुसरा तुकडा न खाता उठून गेलास. सगळे गोल करून बसलेले, मधली तुझी खुर्ची रिकामी. मला वाटलं केक बिघडला. तेव्हापासूनच तू असा आहेस, आणि का ते मला आजवर कळलेलं नाही.

असो. कंपनीचं उत्तर आलं. ऐक: ‘आपल्या पत्त्यावर एक जागा आधीच दिलेली आहे. एका पत्त्यास एकच जागा, या नियमानुसार आपलं नाव प्रतीक्षायादीत घेता येत नाही.’

माझ्या पत्त्यावर! मी फोन केला. पाऊण तास संगीत ऐकवलं. मग एक मुलगी म्हणाली, जागा कोणाच्या नावावर आहे ते सांगता येणार नाही, खाजगी माहिती आहे. मी म्हटलं, बाई, माझ्याच घराची माहिती माझ्यापासून खाजगी? ती म्हणाली, हो, नियम तसाच आहे.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ४३-ब, खाली ४३-अ. या गल्लीत अ आणि ब यांची गल्लत रोजची, पोस्टमनपासून पिझ्झावाल्यापर्यंत. खाली आदिलसन राहतो, गोदीत कामाला आहे, आईवडील केप व्हर्डेहून आलेले. दारात सभ्य दिसतो. त्यानेच माझा पत्ता टाकून जागा घेतली असणार आणि राणीसाहेब त्याच्याच असणार. मी खाली जाऊन विचारलं. तो म्हणाला, ‘शेजारीणबाई, मी स्वतः तीन वर्षं यादीत आहे. आत्ता कुठे पहिला नंबर लागलाय.’ असं तोंडावर सांगतो. मी विश्वास ठेवला नाही. त्याच्या दारावर चिठ्ठी लावली. मग दुसरी लावली. समोरच्या बाईने झाकण उचललं तेव्हा राणीसाहेबांच्या ताडपत्रीलाही एक टाचली: ‘जागा अडवून बसताना लाज वाटत नाही का?’ आणि ही सायकल कोणी वापरत नाही, म्हणून रीतसर तक्रार केली.

आज आरीकडे गेले होते. त्याच्या नावाची पत्रंही नेली. कामाची सगळी मी माझ्या नावावर करून घेतली आहेत, ही उरलीसुरली येतात. मी उघडत नाही. दुसऱ्याचं पाकीट उघडणारा उद्या दुसऱ्याचा खिसाही उघडतो, आई म्हणायची ना. आरीला स्वतः पाकीट फाडायला आवडतं. फाडतो, गंभीरपणे वाचतो, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवतो. साहेब ऑफिसात बसलेत असं वाटतं.

तुझी नेल

---

झीरिकझे, २ डिसेंबर २०१८

नेल,

पुरावा हातात नसताना माणसाला चोर म्हणू नये. चिठ्ठ्या बंद कर. शेजारी जन्माचा असतो, डबा नव्हे.

मला स्वतःला एक गोष्ट अडीच वर्षं माहीत आहे आणि मी गप्प आहे. त्याने कोणाचं नुकसान झालेलं नाही.

छत्रीबद्दल मी काही बोलणार नाही.

बास

---

रॉटरडॅम, २४ जानेवारी २०१९

प्रिय बास,

अर्धं बोलायचं आणि उरलेलं गिळायचं, ही तुझी लहानपणची खोड. काय माहीत आहे तुला? सांगायचं नसेल तर ‘माहीत आहे’ असंही सांगू नये.

पण आज भांडायचं नाही, आज माझा विजय झाला आहे. डिसेंबरच्या शेवटी कंपनीचा माणूस आला, राणीसाहेबांच्या दांड्याला नारिंगी पट्टी बांधून गेला: चार आठवड्यांत हलवली नाही तर जप्त. मालकाला पत्राने कळवलं आहे म्हणाला. मी दिवस मोजले. आदिलसन दारात भेटला की माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचा. मला वाटायचं, घाबरलाय.

काल गाडी आली. मी खिडकीतून बघणार होते, पण राहवलं नाही, चौतीस पायऱ्या उतरून खाली गेले. त्यांनी ताडपत्री ओढली आणि बास, खरं सांगते, मला जरा कसंतरीच झालं. मला वाटलं होतं गंजलेला सांगाडा निघेल. ती कोरी करकरीत होती. बाटलीच्या काचेसारखा गर्द हिरवा रंग, मधला दांडा इतका खाली की गुडघा न उचलता पाय टाकता यावा, पितळी घंटी, पुढे वेताची टोपली, आणि दांड्यावर हाताने ओढलेली पांढरी बारीक रेघ, टोकाला किंचित वळवलेली. अशी सायकल घ्यायची आणि ताडपत्रीखाली कुजवायची, मालकाच्या डोक्यात काय असेल? आणि आदिलसन सहा फूट उंच आहे. तो असली सायकल कशाला घेईल, हा प्रश्न मला तेव्हा पडला, गाडी गेल्यावर.

असो. जागा रिकामी झाली. आता त्यांनी माझा पत्ता दुरुस्त केला की झालं. आरी तीन किलोने उतरला आहे. मार्चपासून पुन्हा रोज जाईन.

तुझी नेल

---

झीरिकझे, २७ जानेवारी २०१९

नेल,

हे पत्र वाचताना खुर्चीत बस.

ती रेघ माझी आहे. टोकाला वळवलेली रेघ सबंध हॉलंडात मी एकटा ओढतो, हात थरथरतो म्हणून ती वळते. सायकल मी बांधली. २०१६ च्या एप्रिलमध्ये तुझा आरी बसने इथे आला होता. म्हणाला, ‘नेल सत्तरीची होतेय. पुढे तिला जिना झेपणार नाही, आणि मलाही फार दिवस नाही. खाली पाय टाकता येईल अशी बांध.’ दोन दिवस माझ्याकडे राहिला, रंग त्याने निवडला. टेम्पोतून सोडतो म्हटलं तर ऐकेना. तपासून बघायची म्हणून सत्तर किलोमीटर बायकांच्या सायकलवर, एकाहत्तर वर्षांचा माणूस, घरी गेला. जाताना म्हणाला, ‘नेलला बोलू नकोस. ठेवायला जागा केली आहे, तिला दिसणार नाही अशी.’

वाढदिवसाला मी त्या गोलात बसून वाट बघत होतो. आणि त्याने तुला छत्री दिली.

तू पुढे कधी सायकलचं नाव काढलं नाहीस. त्याचे शब्द माझ्या डोक्यात घोळत राहिले: तिला दिसणार नाही अशी जागा. मी काय समजलो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मला वाटलं, सायकल दुसऱ्या कोणा बाईकडे गेली. माझ्या हाताने बांधलेली, तुझं नाव सांगून नेलेली. तुला दुखवायचं नाही म्हणून गप्प बसलो, आणि त्याचं तोंड पाहायचं नाही म्हणून आलो नाही.

अगं, ती तुझ्याच दारासमोर होती.

बास

---

रॉटरडॅम, ५ फेब्रुवारी २०१९

बास,

‘प्रिय’ आज लिहीत नाही.

आरी? दुसरी बाई? त्या माणसाला स्वतःचे मोजे सापडायचे नाहीत, तो दुसरी बाई शोधणार होता? एक ओळ लिहायची होतीस. ‘नेल, सायकल कशी चालते?’ एवढंच. तीन वर्षं तू माझी कीव करत बसलास आणि तो तिथे खिडकीत उभा. मला तुझा इतका राग आला आहे की पेन कागदातून पलीकडे जातंय.

आणि निम्मा राग माझा मला आला आहे. पत्र वाचून त्याच दिवशी आरीकडे गेले. त्याच्यासमोरच ती बिस्किटांची पेटी उघडली. त्याला विचारलं, बघू का. तो म्हणाला, बघा ना बाई, सगळं नीट लावलेलं आहे. खरंच नीट लावलेलं होतं. कंपनीची सात पत्रं. जागा दिल्याचं जुनं, ते घरूनच त्याच्याबरोबर गेलं असणार. मग तक्रार आल्याचं, पट्टी बांधल्याचं, शेवटची सूचना. ही सगळी मी माझ्या पिशवीतून, दुखऱ्या खुब्याने, दोन ट्राममधून, न उघडता त्याला नेऊन दिली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण असा सव्वा तासाचा वळसा कोणी घेतला नसेल. जागेचं भाडंही वर्षाकाठी आमच्याच खात्यातून आपोआप जात होतं. तळाशी लाल फीत बांधलेल्या दोन किल्ल्या होत्या, एक डब्याची, एक सायकलच्या कुलपाची.

मग मला तो दिवस आठवला. सत्तरीच्या सकाळी आरी दोनदा खाली गेला आणि दोनदा रिकाम्या हाताने वर आला. जिन्यात मधेच उभा होता. काय शोधतोयस विचारलं तर म्हणाला, काही नाही, आत्ता आठवेल. मग कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि छत्री घेऊन आला. मी हसले. म्हटलं, सत्तर वर्षं झाली आणि छत्री. तोही हसला. तो दिवस पहिला होता, बास. डॉक्टरांनी नंतर विचारलं, कधी सुरू झालं, तेव्हा मी ऑक्टोबर सांगितलं. मे होता.

काल जप्तीच्या गोदामात गेले. तिथल्या माणसाने मालकीचा पुरावा मागितला. मी लाल फितीची किल्ली कुलपात घातली, कुलूप टक्कन उघडलं, त्याने सही घेतली. टोपलीत माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती. ‘जागा अडवून बसताना लाज वाटत नाही का?’ त्याने वाचली आणि म्हणाला, लोक काय काय लिहितात हो.

सायकल सध्या गोदामातच आहे. तीन महिन्यांची मुदत दिली आहे. कारण आता घ्यायची म्हटली तर ठेवायची कुठे? जागा वापरात नव्हती म्हणून आमची गेली, माझ्याच तक्रारीवरून, आणि यादीतल्या पहिल्याला मिळाली. पहिला कोण ते तुला माहीत आहे. माझं नाव आता यादीत घेतलं आहे. सव्विसावा नंबर.

नेल

---

झीरिकझे, ९ फेब्रुवारी २०१९

नेल,

तुझं सगळं खरं आहे. एक ओळ लिहायची होती.

यायला तोंड नाही. तू म्हणशील तेव्हा येईन.

शेजाऱ्याची माफी माग. केक ने. बिघडलेला नको.

बास

---

रॉटरडॅम, १० मे २०१९

प्रिय बास,

तीन महिने लिहिलं नाही. पहिले दोन राग होता, तिसरा वेळ नव्हता.

केक नेला होता. आदिलसनने दार उघडलं, केककडे पाहिलं, मग दाराच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, आणखी चिठ्ठी लावली आहे का म्हणून. मी सगळं सांगितलं. आरीचं, छत्रीचं, पेटीतल्या पत्रांचं. त्याने केक माझ्या हातातून घेतला. मग आत गेला आणि डब्याची किल्ली घेऊन आला. मी म्हटलं, ही तुमची जागा, तुम्ही तीन वर्षं थांबलात. तो म्हणाला, ‘माझी सायकल माझ्या घरात जिन्याखाली उभी राहते, तिला सवय आहे. तुमची लावा. फक्त एक अट. माझ्या दारावर काही चिकटवायचं नाही.’

तर मी आता नियमाविरुद्ध सायकल ठेवते, बास. आयुष्यभर कचरादेखील ठरल्या वारीच बाहेर काढला, आणि त्र्याहत्तराव्या वर्षी दुसऱ्याच्या नावावरच्या जागेत लपून राहते. समोरची बाई सगळं जाणते आणि झाकण उचलताना आकाशाकडे बघते. मोटारवाले अजून दुसऱ्या डब्याला नाही म्हणतात. मीही दर महिन्याला अर्ज देते. आदिलसनची सायकल किती दिवस जिन्याखाली राहणार?

सायकल एप्रिलमध्येच आणली होती, पण चाकं बदलावी लागली, आणि मी एकेक दिवस पुढे ढकलत राहिले. काल वाढदिवस होता. काल गेले. पुलावर वारा समोरून होता, तरी बावीस मिनिटांत पोचले. चारला पाच कमी होते. आरी खिडकीत होताच. मला हात केला नाही. सायकलकडेच बघत राहिला, आणि मी वर गेले तरी खिडकी सोडेना.

मी विचारलं, काय बघतोस?

त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्या कानाशी आला. ‘ती नेलची आहे,’ म्हणाला. ‘तिला सांगू नका हं. वाढदिवसाला द्यायची आहे.’

मी म्हटलं, ‘नाही सांगणार.’

‘आवडेल ना तिला?’

‘खूप आवडेल,’ मी म्हटलं.

मग आम्ही चहा प्यायलो. बिस्किटं तीन खाल्ली त्याने. नर्स म्हणाली, रात्री जेवलासुद्धा. मी आज परत जाणार, उद्याही, रोज.

बास, सीट तू बोटभर उंच बसवली आहेस, पाय पुरता टेकत नाही. पाना घेऊन ये. चारच्या आत ये, चारला तो खिडकीत असतो. आणि त्याच्यासमोर सायकलबद्दल काही बोलू नकोस. नेलला अजून माहीत नाही.

तुझी नेल